परक्यांची वही

सोमवार, ता. ३

आज मला दोन वह्या मिळाल्या. अख्ख्या जन्मात एक नव्हती, आज एकदम दोन! एक हवालदारांनी दिली, निळ्या पुठ्ठ्याची, रेघा मारलेली. दुसरी नातीने, तिच्या शाळेची, पुढची पानं फाडलेली. म्हणाली, "आजी, पोटातलं सगळं हिच्यात लिही. निळ्या वहीत नको. तिच्यात तुझे गुडघे आले तर हवालदार काय म्हणतील?"

म्हणून गुडघे इथे. दुखतात.

त्याचं असं झालं, गेल्या महिन्यात गावात दोन घरं फुटली, तीही भरदिवसा, माणसं कामावर गेलेली असताना. मग काल शाळेत बैठक झाली, सुरक्षा समिती का काय ती निघाली. मास्तर म्हणाले, गावात यायला रस्ता एकच, तो आजींच्या ओट्यासमोरून जातो आणि आजी दिवसभर ओट्यावरच असतात. मागून कुणीतरी म्हणालं, "आणि तोंड चालूच असतं!" सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

हवालदारांनी नीट समजावलं. परका माणूस दिसला की वेळ लिहायची, कपडे लिहायचे, गाडी असली तर गाडी. बस, एवढंच. समितीने एक खुर्ची दिली आणि एक शिट्टी. शिट्टी मी लगेच वाजवून पाहिली, तर शेजारची मशीनवाली हातातलं कापड तसंच धरून धावत आली. "मेलीस का काय ग?" म्हणाली. तिला खुर्चीवर बसवून दाखवलं.

मी दुसरीपर्यंत शाळेत होते. मग धाकटा भाऊ झाला आणि पाळणा हलवायला मला घरी बसवलं. परवा परवा नातीने पुन्हा अक्षरं गिरवून घेतली. जोडाक्षर आलं की माझं घोडं अजून अडतं. पण आज खुर्चीवर बसून, मांडीवर वही घेऊन, सगळ्या रस्त्यादेखत लिहिलं. दूधवाला सायकलवरून उतरून बघत राहिला. आई असती तर तिला दाखवलं असतं.

बुधवार, ता. ५

धारवाला आला. तो दर बुधवारी येतो, चाकाचं यंत्र ढकलत, आता दोन महिने होत आले. माझ्या ओट्यावर टेकतो, पाणी पितो, मग गावभर कात्र्या-विळे करत फिरतो. गोड माणूस. आज माझ्या पेन्सिलीला असं टोक काढून दिलं की सुईनं लाजावं.

"मावशी, एवढं काय लिहिता?" म्हणाला. मी सांगितलं. म्हणाला, "वाचा की मग, ऐकू द्या."

वाचा! मला कुणी वाचा म्हणालं! घरात मुलगा म्हणतो मनात वाच, सूनबाई म्हणते नंतर वाच. मी पहिल्या पानापासून सगळं वाचलं. रेतीचा ट्रक, टोपीवाला, औषधाची गाडी. तो मान डोलवत ऐकत होता. शेजारचं मशीनही थांबलं होतं, बिचारीला डुलकी लागली असेल, पहाटेपासून पाय मारत असते.

"तुझंही लिहू का रे?" म्हटलं.

"मी काय परका आहे, मावशी?"

खरंच की. मला माझंच हसू आलं. पेन्सिलीला टोक काढून देणारा माणूस परका कसा?

शनिवार, ता. ८

मशीनवालीकडे तिचा धाकटा भाऊ राहायला आला. दाढी छातीपर्यंत, एक पिशवी, डोळे जमिनीवर. मी म्हटलं, "ये रे बाबा, बस." मान हलवली आणि आत गेला. माझ्यासारखीला गप्प माणूस म्हणजे बंद खोलीच वाटते. आत काय आहे कळत नाही, मग आपणच काहीबाही घालत बसतो.

दुपारी मशीनवाली माझ्या ब्लाउजला हुक लावत बसली होती. हळूच म्हणाली, "तुला म्हणून सांगते. मारामारीत सापडला होता. दोन वर्षं आत काढली. चोरीबिरी नाही हं. आता काम शोधतोय. पण कुणापाशी बोलू नकोस ग."

मी म्हटलं, "माझ्या पोटात राहील."

वहीत त्याला लिहावं की नाही याचा मोठा पेच पडला. गावचा नाही, म्हणजे परका. पण मशीनवालीचा भाऊ. चाळीस वर्षांची आमची भिंत एक. शेवटी लिहिलं. काम ते काम. नाव नाही घातलं, नुसतं दाढीवाला.

मंगळवार, ता. ११

कोंबडीवाली सांगून गेली, गुरुवारी मुलीकडे जाते, घराकडे बघ, किल्ली खाद्याच्या डब्यात ठेवते. लोक आपणहून सांगायला लागलेत! माझ्या दारामागे खिळा आहे, त्यावर मशीनवालीची किल्ली तर कायमचीच असते, विहिरीवर जायची झाली तरी लावून जाते. आता आणखी दोघांच्या किल्ल्या आल्या.

मग मला एक युक्ती सुचली. निळ्या वहीत मीच एक रकाना वाढवला. कुणाचं घर कधी बंद, कधी परत, किल्ली कुठे. हवालदारांनी हे सांगितलं नव्हतं. पण एवढं मोठं गाव, कुणाकुणाचं डोक्यात ठेवू? नातीने पट्टी धरली, मी रेघ मारली. सरळ आली.

बुधवार, ता. १२

धारवाल्याने नव्या रकान्याचं फार कौतुक केलं. म्हणाला, "मावशी, तुमच्याएवढी हुशार बाई या सगळ्या पट्ट्यात नाही." मी सगळं वाचून दाखवलं. एक जोडाक्षर अडलं, ते त्यानेच लावून दिलं.

जाताना मशीनवालीच्या दाराकडे बघून म्हणाला, "तो कोण दाढीवाला?" मी म्हटलं तिचा भाऊ. आणि मग, काय झालं कोण जाणे, तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. आत होता हेही बोलून गेले. लगेच जीभ चावली. पण तो काय दुसऱ्या गावचा माणूस, तो कुणाला सांगणार?

"मग त्याच्यावर जरा लक्ष ठेवा, मावशी," म्हणाला. किती काळजी त्याला.

शुक्रवार, ता. १४

कोंबडीवालीचं घर फुटलं. काल, भरदुपारी. मिक्सर गेला, मुलीचे कानातले गेले. मी ओट्यावरच होते ग! एकही परका आला नाही. तिच्या घराची मागची बाजू ओढ्याकडे आहे, तिथून आला असणार.

कोंबडीवाली रडत होती. मी वही घेऊन तिच्याकडे गेले, सगळ्यांपुढे कालचं पान वाचलं. सकाळी नऊ, दाढीवाला ओढ्याकडे. साडेबारा, दाढीवाला परत. दुसरं कुणी नाही. वाचून झाल्यावर सगळे गप्प झाले. मला वाटलं माझ्या वाचण्याने गप्प झाले.

सोमवार, ता. १७

दाढीवाला रोज सकाळी ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवर काम मागायला जातो, असं मशीनवाली म्हणते. रोज हात हलवत येतो. मी रोज लिहिते, किती वाजता गेला, किती वाजता आला. आज माझ्याकडे बघितलं त्याने, वहीकडे बघितलं, आणि जरा थांबून गेला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि तो वळल्यावर परत उचलली.

मशीनवाली आज चहाला आली नाही. काम असेल.

बुधवार, ता. १९

धारवाला आला, वाचलं, टोक काढलं. मास्तरांचा डोळा शुक्रवारी काढायचा आहे, म्हणजे डोळा नव्हे, मोतीबिंदू. दोघं नवराबायको तालुक्याला जाणार, शनिवारी परतणार. किल्ली तिसऱ्या कुंडीखाली. मास्तरांनी मला हे अगदी कानात सांगितलं. त्यांनी एवढा विश्वास टाकला म्हणून मी तिसरी हा शब्द मोठ्या अक्षरात काढला होता. वाचतानाही ठासून वाचला.

शेजारचं मशीन आजही थांबलं होतं. बुधवारी तिला झोप फार येते.

शनिवार, ता. २२

मास्तरांचंही घर साफ झालं. त्यांच्या वडिलांचं घड्याळ गेलं. एका डोळ्याला पट्टी बांधलेले मास्तर पायरीवर बसले होते आणि दुसऱ्या डोळ्यातून पाणी गळत होतं. डॉक्टरांनी रडू नका सांगितलं होतं म्हणे.

संध्याकाळी शाळेत बैठक. हवालदारांनी माझी वही उघडून मोठ्याने वाचली. हवालदाराच्या तोंडून माझी वाक्यं! दाढीवाला, दाढीवाला, दाढीवाला. मोजले, चौदा दिवस. दुसरा कुणी परका सलग दोन दिवससुद्धा नाही. कोंबडीवाली म्हणाली, "तो आत होता म्हणे." तिला कुणी सांगितलं देव जाणे, मी फक्त तिच्या शेजारणीजवळ बोलले होते.

मग सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. हवालदार म्हणाले, असं गावोगावी व्हायला हवं. मशीनवाली मागच्या बाकावर होती. टाळ्या थांबल्यावर पाहिलं तर बाक रिकामा.

हवालदार त्याला चौकीवर घेऊन गेले. उशिरा सोडलं, पण रोज हजेरी लावायला सांगितलं.

रविवार, ता. २३

सकाळी हवालदार पुन्हा आले. मास्तरांकडे कुलूप तोडलेलं नाही, किल्लीनेच उघडलं आणि किल्ली परत कुंडीखाली ठेवली. कोंबडीवालीकडेही तसंच, डब्यात किल्ली जागच्या जागी. "आजी, माहितगाराचं काम आहे. कुंडीचं कुणाकुणाला माहीत होतं?"

मी छाती काढून म्हटलं, "मास्तर, मास्तरीणबाई आणि मी. माझ्या तोंडून एक शब्द बाहेर गेलेला नाही."

ते गेले. मी शेंगा सोलत बसले. सोलता सोलता मनात आलं, मग दाढीवाल्याला कसं कळलं? तो तर माझ्याशी पंधरा दिवसांत एक शब्द बोललेला नाही. वहीला हात लावलेला नाही.

शेंगा तशाच राहिल्या. सूनबाईने विचारलं, चक्कर आली का. हो म्हटलं.

नाही, असं नसेल. धारवाल्याने मला जोडाक्षर लावून दिलं होतं.

मंगळवार, ता. २५

काल सांगणार होते हवालदारांना. काल गुडघा फार दुखला. आज सांगणार होते, तर ते गडबडीत होते, मोटारसायकलवरूनच हात केला. नातीची परीक्षा आहे, घरात तमाशा नको. आणि उद्या बुधवार. उद्या धारवाला आला की त्यालाच सरळ विचारीन. तो येईल. आला म्हणजे तो तसला नाहीच.

ही सगळी कारणं मी ओळीने लिहिली आणि वाचून पाहिली. एकाही कारणाला टोक नाही.

बुधवार, ता. २६

सकाळी सव्वासातला मशीनवालीचं दार उघडलं. दाढीवाला पिशवी घेऊन बाहेर आला. माझ्या पायरीशी थांबला. पहिल्यांदाच त्याचा आवाज ऐकला, बहिणीसारखाच आहे, हळू.

"आजी, लिहून घ्या. सव्वासात. दाढीवाला गेला."

टोमणा मारल्यासारखं नाही बोलला. काम सोपं करून दिल्यासारखं बोलला. मला म्हणायचं होतं थांब रे. एवढी बडबडी मी, गावभर माझ्या जिभेची ख्याती, आणि तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत दोन अक्षरं तोंडातून फुटली नाहीत.

दिवसभर ओट्यावर बसले. चाकाचा आवाज आला नाही. पेन्सिल बोथट झाली आहे, तिनेच लिहिते आहे.

शुक्रवार, ता. २८

सांगितलं. शाळेत, सगळ्यांपुढे.

आदल्या दिवशी निळ्या वहीत राहिलेले बुधवार भरले. ता. ५, धारवाला, पांढरा सदरा, ओट्यावर अर्धा तास. ता. १२, धारवाला. ता. १९, धारवाला. प्रत्येकापुढे लिहिलं, मी वाचून दाखवलं. आधीच्या दोन महिन्यांचं काय काय बोलले ते आठवत नाही, तेही लिहिलं. मग उभी राहिले आणि वाचलं. नातीने दंड धरला होता.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मास्तर म्हणाले, "आजी, बसा, बसा." कोंबडीवालीने नुसतं तोंड फिरवलं. मागून ते नेहमीचं माणूस, तोंड चालूच असतं म्हणणारं, आज काही बोललं नाही.

हवालदारांनी वही घेतली, शिट्टी घेतली. खुर्ची राहू द्या म्हणाले, गुडघे आहेत. मग दाराशी येऊन हळूच म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पलीकडच्या दोन गावांतही असंच झालंय. तिथेही ओट्यावर बसणारी एकेक म्हातारी होती. त्यांनाही तो मावशीच म्हणायचा."

मला धीर यावा म्हणून बोलले ते. मला मात्र त्याने जास्तच लागलं. हे कसलं मेलं मन, चोराने दुसरीलाही मावशी म्हटलं याचं दुःख करतं!

तिथून उठून मशीनवालीकडे गेले. ती मशीनवर होती. मी उंबऱ्याशीच बोलले, सगळं, पहिल्यापासून. तिने पाय थांबवला नाही. शिवण संपल्यावर दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "ठाऊक आहे."

"कसं ग?"

"भिंत एक आहे आपली. दर बुधवारी तू वाचायला लागलीस की मी मशीन थांबवायचे. ऐकायला. बरं वाचतेस."

मला भिंतीला टेकावं लागलं.

"कुंडीचं मी तुझ्याच तोंडून ऐकलं होतं," म्हणाली. "मास्तरांकडची चोरी कळली तेव्हाच मी ओळखलं."

"मग बोलली का नाहीस? त्या दिवशी बैठकीत?"

"कोण ऐकणार होतं? चोराची बहीण. आणि तुझं नाव कशी घेऊ? एवढी फुललेली मी तुला चाळीस वर्षांत पाहिली नव्हती." तिने दुसरं कापड सुईखाली सरकवलं. "म्हटलं, ही कळल्यावर स्वतः सांगेल. रविवारी हवालदार तुझ्याकडे येऊन गेले, तेव्हा म्हटलं आज. सोमवारी म्हटलं आज. त्यालाही म्हटलं, थांब रे, आजी सांगेल. तो तीन दिवस थांबला."

मग मशीन सुरू केलं. मी जरा वेळ तिथेच उभी होते, मग घरी आले.

रविवार, ता. ३०

खिळ्यावर काही नाही. दोघांच्या किल्ल्या त्यांनी शुक्रवारीच नेल्या, न बोलता. तिची किल्ली कधी गेली ते मी पाहिलंच नाही.

आज सकाळी मशीनवाली पिशवी घेऊन बाहेर पडली. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. किल्ली हातात धरून उभी राहिली. माझ्या उघड्या दाराकडे, त्या खिळ्याकडे तिने बघितलं. मीही बघितलं. इतक्या वर्षांची सवय आहे, तिचा हात जरासा पुढे आला, मी शपथेवर सांगते, आला. मग तिने किल्ली पिशवीत टाकली.

भावाला शोधायला निघाली असेल. त्याला कळलं आहे का, की गावाने त्याला निर्दोष ठरवलं? पत्ता ठाऊक आहे का तिला? कुठल्या गाडीने जाणार, खायला काही घेतलंय का? एवढे प्रश्न दातांपर्यंत आले. सगळे गिळले. कुठे चाललीस, कधी येणार, हे दोन तर मोठे होते, घशात अडकले, पण तेही गिळले.

ती रस्त्याला लागली. वळणावर एकदा थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि गेली.

मी खुर्ची फिरवून तिच्या दाराकडे तोंड करून बसले आहे. नात दोनदा येऊन गेली, "आजी, चल ना आत." तिला म्हटलं, माझं ताट इथेच आण. मागची बाजू दिसत नाही, म्हणून मधूनमधून उठून, भिंत धरत धरत, मागेही बघून येते.

ती कुठे गेली मला माहीत नाही. कधी येणार तेही माहीत नाही. कुणी येऊन विचारलं, कितीही गोड बोलून विचारलं, तरी सांगण्यासारखं माझ्याकडे काहीही नाही.